राष्ट्रीय दुखवट्याच्या नावाने फिरणारा संदेश: मुद्देसूद समाचार

माजी राष्ट्रपती किंवा माजी पंतप्रधान गेल्याची बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर एक संदेश हमखास येऊन पडतो. नाव बदलतं, मजकूर साधारण तोच असतो. सारांश असा: "देशाच्या नियमानुसार सात दिवस राष्ट्रीय दुखवटा. शाळा, बँका, कार्यालयं बंद. प्रत्येकाने घरचा तिरंगा अर्ध्यावर उतरवावा, न उतरवल्यास गुन्हा. लग्नं, वाजंत्री, कार्यक्रम बंद. भारतरत्न असल्याने २१ तोफांची सलामी, आणि तिरंगा पार्थिवासोबतच अग्नीला देणार. समाधी राजघाटावर, कारण तो प्रत्येक माजी पंतप्रधानाचा हक्क आहे."

भावना चांगली आहे, पण मजकुराच्या बुडाशीच घोळ आहे. मोठ्या पदावर राहिलेला माणूस गेला की हे सगळे मान आपोआप लागू होतात, असं संदेश लिहिणारा धरून चालतो. माजी नेत्यांच्या बाबतीत आपोआप काहीच लागू होत नाही. दुखवटा, ध्वज, सुट्टी, इतमाम आणि स्मारक या पाचांचे निर्णय वेगवेगळे होतात, ते घेणारी खातीही बहुतेक वेळा वेगळी असतात, आणि दुखवट्याचा आदेश मुळात सरकारने सरकारला दिलेला असतो.

"सात दिवसांचा दुखवटा हा नियम आहे"

सात दिवस ही पद्धत आहे, नियम नव्हे. डॉ. कलाम (जुलै २०१५), अटलबिहारी वाजपेयी (१६ ते २२ ऑगस्ट २०१८), प्रणव मुखर्जी (३१ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर २०२०) आणि डॉ. मनमोहन सिंग (२६ डिसेंबर २०२४ ते १ जानेवारी २०२५) या चौघांसाठी सात दिवस जाहीर झाले, म्हणून तो नियम वाटायला लागला. लता मंगेशकरांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. नेल्सन मंडेलांसाठी भारताने २०१३ मध्ये पाच दिवस पाळले, जपानचे माजी पंतप्रधान शिंजो आबे आणि ब्रिटनची राणी एलिझाबेथ यांच्यासाठी २०२२ मध्ये एकेक दिवस. किती दिवस, हे प्रत्येक वेळी केंद्र सरकार ठरवतं आणि गृह मंत्रालय राज्यांना कळवतं.

मोजणीतही लोक चुकतात. देशातल्या नेत्यांचा दुखवटा सहसा मृत्यूच्या तारखेपासून मोजतात आणि दोन्ही टोकांचे दिवस धरतात. मनमोहन सिंग २६ डिसेंबरला रात्री दहाच्या सुमारास गेले, तरी २६ हाच पहिला दिवस धरला. २७ पासून सात मोजणाऱ्यांचा हिशेब २ जानेवारीवर गेला, आणि ध्वज एक दिवस जास्त खाली राहिला तर तीही चूकच. दहाव्या-तेराव्याशी किंवा सुतकाशी या आकड्याचा काही संबंध नाही.

"शाळा, बँका, कार्यालयं बंद"

दुखवट्याच्या आदेशात साधारण चारच गोष्टी असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, देशभर जिथे राष्ट्रध्वज नियमित फडकतो तिथे तो अर्ध्यावर, या काळात सरकारी मनोरंजनाचे कार्यक्रम नाहीत, आणि अंत्यसंस्कार शासकीय इतमामात. सुट्टीचा शब्द त्यात नसतो. सुट्टी द्यायची असेल तर केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी कार्मिक विभाग वेगळं पत्रक काढतो, आणि राज्य आपल्यापुरता वेगळा निर्णय घेतं.

२०२४ च्या डिसेंबरातलं उदाहरण पाहण्यासारखं आहे. केंद्राने अंत्यसंस्काराच्या दिवशी, २८ डिसेंबरला, आपल्या कार्यालयांना आणि सार्वजनिक उपक्रमांना अर्धा दिवस सुट्टी दिली. तो शनिवार होता, म्हणजे पाच दिवसांचा आठवडा असलेली केंद्राची बहुतेक कार्यालयं तशीही बंदच होती. शिवाय तो महिन्यातला चौथा शनिवार, त्यामुळे बँका नेहमीप्रमाणे बंद. "दुखवट्यामुळे बँका बंद" म्हणून जो स्क्रीनशॉट फिरवता आला असता, त्यातली सुट्टी मुळात रिझर्व्ह बँकेच्या ठरलेल्या वेळापत्रकातली होती. आदल्या दिवशी, २७ तारखेच्या शुक्रवारी, कर्नाटक आणि तेलंगणाने सुट्टी दिली. ती त्या राज्यांपुरती. मुंबईत त्या दिवशी शेअर बाजार चालू होता.

बँकांना खरोखरची सुट्टी लागायची तर परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट), १८८१ च्या कलम २५ खाली अधिसूचना लागते. महाराष्ट्राने ती ७ फेब्रुवारी २०२२ साठी, म्हणजे लतादीदींच्या निधनानंतरच्या दिवसासाठी, काढली होती. तिचा परिणाम लगेच दिसला: रिझर्व्ह बँकेने पतधोरण समितीची ७ ते ९ फेब्रुवारीची बैठक एक दिवस पुढे ढकलून ८ ते १० केली. शेअर बाजार मात्र तेव्हाही सुरूच राहिला. एकाच शहरात, एकाच दिवशी. सुट्टी आहे का हे पाहायचं तर तुमच्या कचेरीला लागू असलेला आदेश पाहायचा, टीव्हीवरची पट्टी नव्हे.

जाता जाता: "मी गेल्यावर सुट्टी देऊ नका, एक दिवस जास्त काम करा" हे वाक्य दर जुलैत कलामांच्या नावाने येतं. ते त्यांनी कधी आणि कुठे म्हटलं, याचा पत्ता संदेशात नसतो. वाक्य सुंदर आहे म्हणून ते त्यांचं ठरत नाही.

"प्रत्येकाने घरचा तिरंगा अर्ध्यावर उतरवावा, न उतरवल्यास गुन्हा"

खरी परिस्थिती जवळपास उलटी आहे. न उतरवणं हा गुन्हा नाही. आदेश नसताना आपल्या मनाने उतरवणं हा मात्र होऊ शकतो. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ च्या कलम २ मध्ये, सरकारच्या सूचनेनुसार सार्वजनिक इमारतींवर ध्वज अर्ध्यावर असेल ते प्रसंग सोडून एरवी ध्वज अर्ध्यावर फडकवणं हा ध्वजाचा अवमान मानला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे राष्ट्रीय दुखवटा जाहीर असताना तुमच्या सोसायटीने ध्वज अर्ध्यावर घेतला तर चालेल, पण घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. गावातले लाडके माजी आमदार गेले म्हणून ग्रामपंचायतीने परस्पर ध्वज उतरवला, तर ते कायद्यात बसत नाही. हे गावोगाव सर्रास घडतं. दुःख खरं असतं, पण तेवढ्याने ध्वज खाली घेता येत नाही.

कोणासाठी कुठे उतरवायचा याचा तक्ता भारतीय ध्वज संहिता, २००२ मध्ये आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान: संपूर्ण भारतात. लोकसभेचे अध्यक्ष आणि भारताचे सरन्यायाधीश: दिल्लीत. केंद्रीय कॅबिनेट मंत्री: दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्या. राज्यपाल आणि मुख्यमंत्री: त्या राज्यात सर्वत्र. राज्याचे कॅबिनेट मंत्री: त्या राज्याच्या राजधानीत. ही सगळी पदावर असलेली माणसं आहेत. "माजी" हा शब्द तक्त्यात कुठेच नाही. इतर कोणासाठीही गृह मंत्रालयाच्या खास सूचना लागतात, आणि माजी पंतप्रधान या "इतर" मध्येच येतात.

आता ध्वज उतरवण्याची रीत, कारण खऱ्या चुका इथेच होतात.

सकाळी ध्वज आधी दोरीच्या टोकापर्यंत, अगदी शेंड्याला न्यायचा. तिथे क्षणभर थांबवायचा. मग सावकाश अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही अर्ध्यावरून थेट खाली ओढायचा नाही. पुन्हा शेंड्याला न्यायचा आणि मग पूर्ण उतरवायचा. शाळांमध्ये बहुधा शिपाई सकाळी घाईत ध्वज निम्म्यावरच बांधून टाकतो आणि संध्याकाळी तिथूनच काढतो. दोन्ही चूक. अर्ध्यावर असणं म्हणजे "वर होता, खाली आणला", आणि तो वर गेलेला दिसलाच पाहिजे.

अर्धं म्हणजे नेमकं कुठे? काठीला ताण देणाऱ्या तारा असतील तर शेंडा आणि तारांची पातळी यांच्या मधोमध. तारा नसतील तर काठीच्या निम्म्यावर. ३० फुटी काठी आहे आणि तारा १० फुटांवर बांधल्या आहेत, तर ध्वज २० फुटांवर येतो. तीच काठी तारांशिवाय असेल तर १५ फुटांवर. एकाच आवारात दोन प्रकारच्या काठ्या असल्या की ध्वज खालीवर दिसतात आणि कोणीतरी "एक चुकलाय" म्हणून फोटो टाकतो. दोन्ही बरोबर असू शकतात.

आदेशातल्या "जिथे नियमित फडकतो" या शब्दांकडे लक्ष द्यायला हवं. जी शाळा २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच ध्वज चढवते, तिने दुखवट्यासाठी म्हणून मुद्दाम ध्वज काढून अर्ध्यावर लावायची गरज नाही. गॅलरीच्या कठड्याला तिरकी काठी खोचून लावलेल्या ध्वजाला वर-खाली करायची दोरीच नसते. तो काठीच्या मध्यावर गाठ मारून बांधू नये. तसाच राहू द्यावा, किंवा नीट उतरवून घडी करून ठेवावा. जुलै २०२२ च्या दुरुस्तीपासून नागरिकांना घरचा ध्वज रात्रंदिवस फडकवता येतो. तो आधीच शेंड्याला असेल तर फक्त अर्ध्यावर आणायचा, आणि दुखवटा संपल्यावर वर न्यायला विसरायचं नाही. हे विसरणारे बरेच असतात.

ध्वजाला काळी फीत बांधणं हीसुद्धा हौसेची गोष्ट नाही. संचलनात किंवा मिरवणुकीत ध्वज नेताना शोक दाखवायचा असेल तर काठीच्या भाल्याच्या टोकाला काळ्या क्रेपच्या (पातळ कापडाच्या) दोन फिती, त्या नैसर्गिकपणे खाली लोंबू द्यायच्या, आणि तेही सरकारचा आदेश असेल तरच. आपल्या दंडाला काळी फीत बांधायला कोणाची परवानगी लागत नाही. २७ डिसेंबर २०२४ ला मेलबर्नच्या कसोटीत भारतीय खेळाडू तशाच फिती बांधून उतरले होते.

काही दिवस असे आहेत की दुखवटा चालू असला तरी ध्वज वरच राहतो: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, जालियनवाला बागेच्या स्मरणाचा ६ ते १३ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताह, आणि राज्याच्या बाबतीत त्याचा स्थापना दिन, महाराष्ट्रात १ मे, गोव्यात ३० मे. अपवाद एकच: ज्या इमारतीत पार्थिव ठेवलं आहे तिथला ध्वज अर्ध्यावर, आणि पार्थिव हलवलं की तोही वर. वाजपेयी १६ ऑगस्टला गेले. दोन दिवस आधी गेले असते, तर दुखवटा असूनही १५ तारखेला देशभर ध्वज शेंड्यालाच राहिले असते, आणि "एवढ्या मोठ्या माणसासाठी ध्वजही उतरवला नाही" असा संदेश नक्की आला असता. मोरारजी देसाई गेले ती तारीखही १० एप्रिल. आजच्या संहितेने पाहिलं तर थेट त्या सप्ताहात.

"लग्नं, वाजंत्री, कार्यक्रम बंद"

नाही. आदेशात बंद असतात ते सरकारी मनोरंजनाचे कार्यक्रम: मेजवान्या, सांस्कृतिक संध्या, उद्घाटनाच्या आतषबाजीसारखे प्रकार. सरकारचं रोजचं काम चालूच राहतं. घरचं लग्न, नाट्यगृहातला प्रयोग, हॉटेलातली नववर्षाची रात्र यांना आदेश लागू नाही. २०२४ चा दुखवटा नेमका ३१ डिसेंबरवरून गेला. कोणी कार्यक्रम रद्द केले तर ते त्यांच्या मनाने केले, आणि त्याला किंमत आहे ती म्हणूनच. हॉलवाल्याने "दुखवट्यामुळे सरकारने बंदी घातली" म्हणून बुकिंग रद्द करून पैसे अडकवले, तर त्याच्याकडे आदेशाची प्रत मागावी.

"भारतरत्न असल्याने इतमाम, २१ तोफा, आणि तिरंगा अग्नीला"

एका वाक्यात तीन चुका आहेत.

पहिली भारतरत्नाची. त्या पुरस्कारासोबत राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. पैसे मिळत नाहीत, अंत्यसंस्काराचा हक्कही मिळत नाही. पुरावा डोळ्यांसमोर आहे: मनमोहन सिंगांना निधनाच्या वेळी भारतरत्न नव्हतं, पद्मविभूषण होतं (१९८७), तरी त्यांना २१ तोफांची सलामी मिळाली. नरसिंह राव आणि चरणसिंग यांना भारतरत्न मिळालं २०२४ मध्ये. पहिल्यांना जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती, दुसऱ्यांना ३६. महाराष्ट्रातलं उदाहरण आणखी बोलकं आहे. बाळासाहेब ठाकरे यांनी कोणतंही सरकारी पद घेतलं नाही, तरी १८ नोव्हेंबर २०१२ ला शिवाजी पार्कवर त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, पार्थिव तिरंग्यात होतं. रतन टाटा गेले तेव्हा, ऑक्टोबर २०२४ मध्ये, राज्याने एक दिवसाचा दुखवटा पाळला आणि वरळीला शासकीय इतमामात अंत्यसंस्कार केले. राष्ट्रीय दुखवटा नव्हता. इतमाम द्यायचा की नाही हे राज्याच्या पातळीवर राज्य सरकार ठरवतं. व्यवहारात निर्णय मुख्यमंत्र्यांचा, आणि अंमल जिल्हाधिकारी आणि पोलिसांचा. कुटुंबाची किंवा कार्यकर्त्यांची इच्छा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे लगेच कळवावं आणि अंत्यसंस्काराची वेळ त्यांच्याशी बोलूनच जाहीर करावी. आधी वेळ छापून टाकायची आणि मग तुकडी आली नाही म्हणून पार्थिव ताटकळत ठेवायचं, हा प्रकार टाळता येतो.

दुसरी चूक तोफांची. माजी पंतप्रधानांना दिल्लीत सैन्य तोफांची सलामी देतं. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय इतमाम म्हणजे पोलिसांची तुकडी: बिगुल वाजतो, जवान बंदुकांची नळी खाली करून शोकशस्त्र करतात, हवेत फैरी झाडतात. बातमीत मात्र "तोफांची सलामी" छापून येतं. बंदूक आणि तोफ यांत फरक आहे आणि मानवंदनेची पायरीही वेगळी आहे.

तिसरी चूक सगळ्यात गंभीर आहे, कारण ती कोणी खरंच आचरणात आणली तर गुन्हा ठरेल. ध्वज संहितेत स्पष्ट लिहिलं आहे की ध्वज कबरीत उतरवायचा नाही आणि चितेवर जाळायचा नाही. पार्थिव चितेवर ठेवण्यापूर्वी किंवा दफनाआधी ध्वज काढून घेतात, त्याची घडी करतात आणि कुटुंबीयांच्या हाती देतात. दिल्लीतल्या राष्ट्रीय स्मृतिस्थळावर वाजपेयींच्या नातीच्या हातात दिलेला ध्वज देशाने थेट प्रक्षेपणात पाहिला आहे. गोंधळ कदाचित दुसऱ्या एका नियमामुळे होतो: फाटलेला, खराब झालेला ध्वज खाजगीत, सन्मानाने, पूर्णपणे नष्ट करावा, शक्यतो जाळून. तो नियम जीर्ण ध्वजासाठी आहे. चितेशी त्याचा संबंध नाही.

ध्वज पांघरण्याची दिशाही ठरलेली आहे: केशरी पट्टा डोक्याकडे. म्हणजे पट्टे शरीराला आडवे येतात. केशरी डोक्याच्या बाजूला, पांढरा मध्ये, हिरवा पायांकडे. लोक ध्वजाची लांबी अंगाच्या लांबीला जुळवतात आणि केशरी पट्टा एका खांद्यापासून पायापर्यंत जातो, ते चूक. इथे मापाची अडचण येते. ध्वजाचं प्रमाण ३:२ असतं. १८०० × १२०० मिलिमीटरचा ध्वज बरोबर दिशेने टाकला तर डोक्याकडून पायाकडे तो १२०० मिलिमीटरच, म्हणजे चार फुटांच्या आतच पुरतो, आणि मग कोणीतरी तो फिरवून टाकतो. त्याहून मोठं, पुढचं ठरलेलं माप २७०० × १८०० आहे. तो १८०० मिलिमीटर लांबी झाकतो आणि दोन्ही बाजूंनी खाली येतो. तिरडी अरुंद असेल तर बाजूचा भाग जमिनीला लागणार नाही हे पाहायचं.

घडी करताना दोघांनी ध्वज आडवा, सपाट धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा दुमडायचा की वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी कड दिसेल. घडी दोन्ही तळहातांवर घेऊन द्यायची, काखेत मारून नव्हे.

आणि हे सगळं शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी अंत्यसंस्कारापुरतंच. खाजगी अंत्ययात्रेत तिरंगा पांघरायला संहितेने नावानिशी मनाई केली आहे. गेलेली व्यक्ती कितीही मोठी असो, आदेश नसेल तर तिरंगा पांघरता येत नाही. शोकसभेतही हीच काळजी घ्यावी. नेत्याच्या तसबिरीला तिरंग्याचा झालर-पडदा करणं, तसबीर ठेवलेल्या टेबलावर तो अंथरणं, त्यावर "भावपूर्ण श्रद्धांजली" छापणं, हे सगळं ध्वजाच्या नियमांत बसत नाही. पांढरं कापड, हार आणि समई पुरे. ध्वज लावायचाच असेल तर काठीवर, सन्मानाच्या जागी, स्वतंत्र.

"राजघाटावर समाधी हा प्रत्येक माजी पंतप्रधानाचा हक्क, फक्त अमक्यालाच नाकारला"

हा अमका कोण, ते संदेश कोणत्या पक्षाच्या गटावरून आला त्यावर ठरतं.

राजघाट ही गांधीजींची समाधी, आणि ती एकट्या त्यांचीच. बाकीच्या समाध्या यमुनेच्या काठाने आसपास आहेत आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव आहे: नेहरूंचं शांतिवन, शास्त्रींचा विजय घाट, इंदिरा गांधींचं शक्तिस्थळ, चरणसिंगांचा किसान घाट, राजीव गांधींची वीरभूमी. पंतप्रधान कधीच न झालेल्यांच्याही समाध्या तिथे आहेत: जगजीवनराम यांचं समतास्थळ, देवीलाल यांचं संघर्षस्थळ. उलट मोरारजी देसाई मुंबईत गेले, त्यांची समाधी अहमदाबादेत साबरमतीकाठी, अभय घाट. दोनदा हंगामी पंतप्रधान झालेले गुलझारीलाल नंदा यांचीही अहमदाबादेत. विश्वनाथ प्रताप सिंग २७ नोव्हेंबर २००८ ला गेले, मुंबईवरच्या हल्ल्याच्या धुमश्चक्रीत त्यांची बातमीही धड कोणी वाचली नाही. अंत्यसंस्कार प्रयागला गंगेकाठी झाले. नरसिंह राव, जे १९८४ आणि १९८९ मध्ये आपल्या रामटेकहून लोकसभेत गेले होते, त्यांच्यावर डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादेत अंत्यसंस्कार झाले. कुटुंबाला दिल्ली हवी होती असं त्यांच्या जवळच्यांनी नंतर सांगितलं. ती खंत खरी आणि त्यामागचं राजकारणही खरं. पण "नियम असून नाकारलं" हे खरं नाही, कारण असा नियमच नव्हता. जागा मिळाली ती त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीने, आणि नाही मिळाली तीही तशीच. टीका करायचीच तर या मर्जीवर करावी. ती सगळ्या पक्षांना लागू पडते. उपपंतप्रधान राहिलेल्या यशवंतराव चव्हाणांची समाधी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर आहे. ती दिल्लीत नाही म्हणून त्यांचा मान कमी झाला, असं महाराष्ट्रात कोणी म्हणत नाही.

पुढे जागाच संपत आली. म्हणून २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की यापुढे प्रत्येकाला स्वतंत्र एकरभर आवार नाही. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान यांच्यासाठी एकता स्थळाजवळ (माजी राष्ट्रपती झैलसिंग यांची समाधी) सामाईक राष्ट्रीय स्मृतिस्थळ. तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंगच होते. वाजपेयींवर अंत्यसंस्कार तिथेच झाले आणि त्यांचं "सदैव अटल" २५ डिसेंबर २०१८ ला, चार महिन्यांत, खुलं झालं. २०१५ मध्ये नरसिंह रावांचंही स्मारक त्याच भागात, एकता स्थळाच्या आवारात उभं राहिलं.

मनमोहन सिंगांवर निगमबोध घाटावर अंत्यसंस्कार झाले तेव्हा "सार्वजनिक स्मशानात नेलं, म्हणजे स्मारक नाकारलं" असा सूर लागला. निगमबोधच्या निवडीवर राग येणं समजू शकतं. जिथे दहन तिथेच स्मारक व्हावं अशी काँग्रेसची मागणी होती आणि ती मान्य झाली नाही. पण दहनाची जागा आणि स्मारकाची जागा एकच असावी लागते असं नाही. प्रणव मुखर्जींवर करोनाच्या काळात लोधी रोडच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले, आणि राष्ट्रीय स्मृतिस्थळाच्या आवारात त्यांच्या स्मारकाला मंजुरी मिळाली ती जानेवारी २०२५ मध्ये, चार वर्षांहून जास्त काळाने. यात कामाचा क्रम असा असतो: आधी न्यास (ट्रस्ट) नोंदवायचा, मग सरकार त्या न्यासाच्या नावे जागा देतं, त्यानंतर आराखडा आणि बांधकाम. वाजपेयींच्या वेळी अटल स्मृती न्यासाने हेच केलं. मनमोहन सिंगांच्या बाबतीतही गृह मंत्रालयाने दहनाच्या आदल्या रात्री हेच कळवलं होतं: जागा देऊ, त्यासाठी न्यास स्थापन व्हावा लागेल.